संस्कृतींच्या कुस्त्या आणि आपण

जगाच्या इतिहासावर सगळ्यात मोठा ठसा कुठल्या संस्कृतीनं उमटवला? हा वाद आता आपल्याही पोरांत शिरलाय. एक म्हणतो ग्रीक. दुसरा म्हणतो रोमन. तिसरा पिरॅमिडवाला. चौथा चीनवाला. आणि एक हमखास असतो, कपाळाला टिळा असो वा नसो, तो म्हणतो आपली पाच हजार वर्षांची भारतीय संस्कृती, बाकी सगळे आपले शिष्य. मग आपला एखादा कार्यकर्ता चवताळून उठतो. नाही, बौद्ध संस्कृतीच थोर, अर्धा आशिया आपला! टाळ्या पडतात. आखाडा रंगतो.

मी या आखाड्यात लंगोट बांधून उतरणार नाही. पण बाहेर गपगुमान बसणारही नाही. कारण कुस्ती त्यांची असली तरी पायाखाली तुडवायची माती आपली आहे.

ठसा म्हणजे काय, हे आधी ठरवा. ठसा उमटायला दाबणारा लागतो आणि दाबला जाणाराही लागतो. पुस्तकवाले दाबणाऱ्याचं नाव लिहून मोकळे होतात. मी सूतगिरणीत रिंगफ्रेमवर आहे. पाळीभर तुटलेले धागे सांधतो. नववीनंतरची माझी शाळा सार्वजनिक वाचनालयात झाली, तीही रात्रपाळी संपवून, पेंगत पेंगत. त्यामुळं संस्कृतीकडं वरून बघायची मला सवय नाही. आणि मला कळतं ते सूत. तेव्हा सुतावरनंच बोलतो. सुतावरून स्वर्ग गाठतो म्हणा हवं तर.

ग्रीकांपासून सुरू करू, कारण यादीत त्यांचा नंबर कायम वर असतो. अथेन्सची लोकशाही, नाटकं, तत्त्वज्ञान. सगळं खरं. खोटं कशाला बोलू? पण लॉरियनच्या खाणीतली चांदी खणली गुलामांनी. त्या चांदीवर इ. स. पूर्व ४८३ च्या सुमारास अथेन्सनं आरमार बांधायला घेतलं आणि त्या आरमारानं पुढं इराणच्या बादशहाला हरवलं. लोकशाहीच्या सभेत मात्र ना गुलाम बसला, ना बाई. त्यांचा मोठा गुरू ॲरिस्टॉटल 'पॉलिटिक्स' या ग्रंथात गुलामाला काय म्हणतो? जिवंत अवजार. म्हणजे पाना-पक्कडीसारखंच, फक्त श्वास घेणारं.

त्याच ठिकाणी तो आणखी एक बोलून जातो. धोटा जर आपोआप विणायला लागला तर मालकाला गुलामांची गरजच उरणार नाही, अशा अर्थाचं. हे वाचलं आणि मी पुस्तक मिटून बसलो. तेवीसशे वर्षांपूर्वी त्या शहाण्याला धोटा आठवला! देव नाही, तलवार नाही, धोटा. आपल्या संस्कृतीचा गाडा कुणाच्या खांद्यावर चाललाय हे त्याला चांगलं ठाऊक होतं. आजच्या वादपटूंना तेवढंही ठाऊक नाही.

बरं, पुढं झालं काय? धोटा आपोआप पळायला लागला. १७८५ साली इंग्लंडात कार्टराइटनं यंत्रमागाचं पेटंट घेतलं. वाफ आली, लँकेशायरात गिरण्यांची धुराडी उभी राहिली. ॲरिस्टॉटलच्या हिशेबानं आता गुलाम सुटायला पाहिजे होते. सुटले? अमेरिकेच्या खानेसुमारीत १७९० साली गुलाम होते सुमारे सात लाख. १८६० साली जवळजवळ चाळीस लाख. धोटा जितका जोरात पळाला तितका कापूस जास्त लागला, आणि तो वेचायला काळी माणसं बाजारात उभी करून विकली गेली. पोरं आईपासून तोडून विकली. पुस्तकात याचं नाव काय? औद्योगिक क्रांती, पाश्चात्त्य संस्कृतीचं जगाला देणं. देणं कुणी दिलं, चुकवलं कुणी?

तोच धोटा मुंबईला आला. पहिली कापडगिरणी १८५४ साली निघाली. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी पेटली, तिकडचा कापूस अडला, तेव्हा मुंबईच्या कापूसवाल्यांच्या घरातून सोन्याचा धूर निघाला. पुढं गिरण्या वाढल्या. कोकणातनं, घाटावरनं माणसं आली. आपलीही आली. पण ज्या विणखात्यात मजुरी जास्त, तिथं आपल्या माणसाला शिरू देत नव्हते. का? धोट्यातली बाबीन संपली की नवी घालायची आणि सुताचं टोक भोकातून तोंडानं ओढून घ्यायचं. महाराचं तोंड लागलेला धोटा मग दुसरा कोण तोंडाला लावणार? १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी कामगार पुढाऱ्यांपुढं नेमका हाच सवाल टाकला. दिवसरात्र 'जगातल्या कामगारांनो' म्हणणाऱ्यांना तो फार अडचणीचा वाटला.

यंत्र लँकेशायरचं, भांडवल शेठजीचं, कायदा मनूचा. तीन संस्कृत्या एका खात्यात गुण्यागोविंदानं नांदत होत्या, एकीला दुसरीचा विटाळ झाला नाही. विटाळ झाला तो फक्त आपल्या थुंकीचा. आता सांगा, यात कुणाचा ठसा मोठा म्हणून मोजायचा?

रोमवाल्यांना मी दोन ओळींत आवरतो. त्यांचे रस्ते, त्यांचे कायदे, सगळे तोंडपाठ असतात. इ. स. पूर्व ७३ मध्ये स्पार्टाकस उठला, ७१ मध्ये पडला आणि त्याच्या सहा हजार माणसांना कापुआ ते रोम या नावाजलेल्या रस्त्याच्या कडेला क्रुसावर ठोकलं. रस्त्याचं कौतुक करताना कडेलाही बघत जा.

बाबिलोनचा हम्मुराबी, डोळ्याला डोळा म्हणणारा न्यायी राजा. इ. स. पूर्व अठराव्या शतकातला. पण डोळ्याला डोळा कुणासाठी? प्रतिष्ठिताचा डोळा फोडला तर. साध्या माणसाचा फोडला तर ठरावीक चांदी भरा. गुलामाचा फोडला तर त्याच्या किमतीच्या निम्मे पैसे द्या, तेही मालकाला. मनू वाचलेल्याला हे नवीन नाही. वर्ण बघून दंड, माणूस बघून नाही.

इजिप्तचं मात्र मला प्रेम आहे. पिरॅमिडसाठी नाही. राजांची थडगी कोरणारे कारागीर देर अल-मदिना नावाच्या वस्तीत राहायचे. पगार धान्यात. तिसऱ्या रामसेसच्या राजवटीच्या एकोणतिसाव्या वर्षी, इ. स. पूर्व ११५७ च्या आसपास, धान्य थकलं. कारागिरांनी हत्यारं खाली ठेवली आणि देवळांच्या मागं जाऊन ठाण मांडलं. आम्ही भुकेनं, तहानेनं इथं आलोय, अंगावर कापड नाही, वरपर्यंत कळवा, असं म्हणाले. अधिकारी आले, पुजारी आले, समजावून थकले. शेवटी धान्य सुटलं. पुन्हा थकलं, हे पुन्हा बसले. याची नोंद असलेला पपायरस इटलीत तुरीनच्या संग्रहालयात आहे. लेखी नोंद सापडलेला जगातला हा पहिला संप. परंपरा परंपरा म्हणून ऊर बडवणाऱ्यांनो, तीन हजार वर्षांची ही परंपरा कुठल्या यादीत धरलीत? पगार थकला की गेटवर बसणारा प्रत्येक कामगार त्या वस्तीचा वारस आहे. एवढा लांब ठसा कुठल्या बादशहाचा पोचलाय ते दाखवा.

आता घरच्यांकडं वळतो.

मोहेंजोदडो. साडेचार हजार वर्षांपूर्वीचं शहर. तिथं चांदीच्या भांड्याला चिकटलेला सुती कापडाचा तुकडा सापडला, म्हणजे आमचं खातं तेव्हापासून चालू आहे. झाकलेली गटारं, मोठं स्नानगृह आणि सातशेच्या आसपास विहिरी, असा पुरातत्त्ववाल्यांचा अंदाज. हे आपले पूर्वज म्हणून छाती फुगवणाऱ्याला एकच विचारा. सातशे विहिरींच्या वारसदारांनी १९२७ साली महाडला एका तळ्यासाठी आमची डोकी का फोडली? नगरपालिकेनं १९२४ सालीच ठराव करून तळं खुलं केलं होतं. २० मार्चला बाबासाहेब ओंजळभर पाणी प्याले तर तळं शेणानं, गोमुतानं शुद्ध करून घेतलं. हक्काचा निकाल हायकोर्टातून यायला १९३७ उजाडलं. आणि त्या झाकलेल्या गटारांचं कौतुक करणाऱ्याला विचारा, झाकण उघडून आत कोण उतरायचं? मैला हातानं उपसायला बंदी घालणारा कायदा १९९३ साली झाला, दुसरा २०१३ साली. तरी माणसं अजून मॅनहोलमध्ये गुदमरून मरतात. मेलेल्यांची आडनावं वाचा. पाच हजार वर्षांची सलग परंपरा बघायची असेल तर तिथं बघा.

'आमची संस्कृती टिकली, बाकीच्या बुडाल्या' हे त्यांचं शेवटचं हत्यार. राधाकृष्णन यांनीही तेच उचललं होतं. बाबासाहेबांनी १९३६ सालीच 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' मध्ये ते बोथट केलं. टिकणं हा पुरावा नाही, कुठल्या पातळीवर जगून टिकलात ते सांगा, असा त्यांचा मुद्दा. रोगही टिकतो. आपण मात्र हे वाचायचं सोडून त्यांच्याच तराजूत आपला वजनदार पुतळा घालायला धावतो.

इथं मला आपल्याच लोकांशी भांडायचंय. 'बौद्ध संस्कृती जगात नंबर एक' अशी भित्तिपत्रकं रंगवणाऱ्या मित्रांनो, नंबर कुणाच्या परीक्षेत काढताय? किती देश, किती राजे, किती स्तूप, हे मोजमाप त्यांचंच. त्यात तुम्ही पास झालात तरी परीक्षक तेच राहतात.

आपल्याकडं मोजायला दुसरं आहे. नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावर लेणी आहेत. लोक पांडवलेणी म्हणतात. पांडवांचा तिथं काडीचा संबंध नाही, पण नावावर कब्जा केला की झालं. तिथल्या दहा नंबरच्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख कोरलाय, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीचा. लेण्यातल्या भिक्षूंच्या चीवरासाठी त्यानं पैसे कायमचे ठेवले. कुणाकडं ठेवले? गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडं. एकीकडं दोन हजार कार्षापण, महिना शेकडा एक व्याजानं. दुसरीकडं एक हजार, शेकडा पाऊण व्याजानं. राजाचा जावई विणकरांच्या पेढीवर पैसे ठेवतोय! ज्यांच्या पोरांना पुढं धोट्याला तोंड लावू दिलं नाही, त्या हातांच्या धंद्याची पत एकेकाळी दगडात कोरण्याइतकी होती. आणि हेही डोळे उघडून वाचा: त्याच लेण्यात, त्याच माणसानं ब्राह्मणांना तीन लाख गाई दिल्याचंही कोरलंय. सोयीचं तेवढं वाचायला आपण पुराणिक नाही.

दुसरं, चीन. कागद त्यांचा, लाकडी ठशावरचं छापणंही त्यांचं. छापल्याची तारीख स्पष्ट लिहिलेलं, आज हाती असलेलं सगळ्यात जुनं छापील पुस्तक म्हणजे ८६८ सालचं वज्रच्छेदिका सूत्र. आईबापांच्या नावानं वांग जिए नावाच्या माणसानं ते छापून घेतलं आणि त्यावर लिहिलं की हे सगळ्यांना फुकट वाटण्यासाठी आहे. कुमारजीवानं पाचव्या शतकात केलेला अनुवाद, मूळ ग्रंथ इथला. इकडं गौतम धर्मसूत्र वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात कथील ओतायला सांगतं आणि तिकडं इथलाच विचार कागदावर छापून वाटला जातोय. हा आपला चक्रमुद्रित अंक, शाईनं बोटं काळी करत आपण काढतो, तो त्या फुकट वाटलेल्या कागदाच्या खानदानातला आहे. ठसा शब्दाचा हा अर्थ मला पटतो.

पण म्हणून पुतळा करू नका. भंगी काम करणारा सुनीत आणि न्हावी उपाली संघात आले, हे आपण भाषणात सांगतो. सांगायलाच पाहिजे. दास आणि कर्जदार यांना मालकाच्या, सावकाराच्या तावडीतून सुटल्याशिवाय प्रव्रज्या देऊ नये, असा नियमही विनयात आहे, तो मात्र वगळतो. बाबासाहेबांनी धम्म तपासून घेतला, डोळे झाकून नाही. आपण त्यांच्यापेक्षा शहाणे आहोत काय?

१८७३ साली जोतीरावांनी 'गुलामगिरी' लिहिली आणि अर्पण कुणाला केली? अमेरिकेत काळ्यांची गुलामी मोडायला झटलेल्या लोकांना. पुण्यात बसून त्यांना तो कापूस वेचणारा हात आपला वाटला. १९६६ साली त्या हातांच्या नातवंडांनी ब्लॅक पँथर काढली आणि १९७२ साली मुंबईत आपल्या पोरांनी दलित पँथर. यात ना सम्राट आहे, ना आरमार, ना पिरॅमिड. समुद्राच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ज्यांना दाबलं त्यांनी एकमेकांना ओळखलं. वादात बोलायचंच असेल तर हे बोला. समोरचा म्हणेल हा विषयाला सोडून बोलतोय. म्हणू दे.

भित्तिपत्रकवाल्या मित्रांना माझी सूचना आहे. रंग, ब्रश जपून ठेवा. येत्या सुट्टीला नाशिकला जाऊ. एसटीचा खर्च ज्याचा त्यानं करायचा, डबा बरोबर. दहा नंबरच्या लेण्यात अंधार असतो, बॅटरी आणा. लेख वाचता येत नाही म्हणून कुणी मागं राहू नये, ब्राह्मी लिपीचा तक्ता मी हातानं काढून ठेवलाय, त्यावरून एकेक अक्षर लावू. आणि या लेखाला ज्याला उत्तर द्यायचंय त्यानं पुढच्या अंकासाठी लिहावं. टोपणनावानं नको, स्वतःच्या नावानं लिहावं.