नोंदवहीत नसलेली उड्डाणे

जानेवारी २०११ मध्ये दिल्लीहून गोव्याला आलेले एक प्रवासी विमान दाबोळीच्या धावपट्टीवर उतरले, पण नाकाखालचे चाक आधी आपटून. मागची मुख्य चाके आधी टेकवायची आणि पुढचे चाक नंतर अलगद सोडायचे, हा विमान उतरवण्याचा पहिला धडा. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने चौकशी सुरू केली आणि धागा भलतीकडेच गेला. ज्या परीक्षेच्या जोरावर वैमानिकाला कॅप्टनपदाचा परवाना मिळाला होता, तिची गुणपत्रिकाच बनावट निघाली. पुढे राजस्थानातल्या उड्डाण प्रशिक्षणाची दप्तरे उघडली गेली, तेव्हा कधी झालेच नाहीत अशा उड्डाणांचे तास नोंदवह्यांत चढवल्याचेही दिसले. व्यावसायिक परवान्यासाठी २०० तास लागतात, कॅप्टन होण्यासाठीच्या परवान्याला १५००. तास म्हणजे पगार आणि बढती. इंग्रजी बोलणारे वैमानिक अशा तासांना थट्टेने ‘पार्कर पेनचे तास’ म्हणतात, म्हणजे आकाशात नव्हे, कागदावर उडवलेले.

नागरी वैमानिकाच्या या लबाडीमागे निदान सरळ हिशेब असतो. लष्करी उड्डाणाची बढाई मारणाऱ्याचा हिशेब वेगळा असतो आणि तो आपल्यासारख्या भागात जास्त चालतो. भंडारा जिल्ह्याच्या एका बाजूला नागपूर, तिथे हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचे मुख्यालय. दुसऱ्या बाजूला गोंदियाजवळचे बिरसी, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी बांधलेली धावपट्टी, आज तिथे वैमानिक घडवले जातात. दोन्हींच्या मधे पवनी तालुक्यातल्या आसगावसारखी धानाची गावे. इथे सैन्यातून निवृत्त झालेला माणूस शोधावा लागत नाही, पण लढाऊ विमानाचा वैमानिक क्वचितच कुणी जवळून पाहिलेला असतो. त्यामुळे एखाद्या पाहुण्याने ‘एकाहत्तरला मी मिग उडवले’ असे म्हटले, की त्याला शाल-श्रीफळ मिळते, पंधरा ऑगस्टला शाळेतला माइक मिळतो. प्रश्न मात्र कुणी विचारत नाही. देशासाठी लढलेल्या माणसाला पुरावा मागायचा कसा, ही आपली अडचण.

ही भीड अनाठायी आहे. तपासायला सर्वांत सोपा दावा कोणता असेल, तर तो लष्करी उड्डाणाचा. हवाई दलात एक उड्डाण किमान तीन ठिकाणी लिहिले जाते आणि तिन्ही ठिकाणी हात वेगवेगळे असतात. उड्डाणाआधी ऑथरायझेशन बुकात कोण, कोणत्या विमानातून, कोणत्या कामाला जाणार हे लिहून अधिकाऱ्याची मंजुरी घेतली जाते. विमानाचा स्वतःचा कागद असतो, ज्याला सगळे ‘एफ-७००’ म्हणतात. त्यात तंत्रज्ञांनी विमान उडण्यायोग्य असल्याच्या सह्या केलेल्या असतात आणि त्याखाली वैमानिक ते ताब्यात घेतल्याची सही करतो. तिसरी वैमानिकाची लॉगबुक, जिच्यावर वरिष्ठ वेळोवेळी सही करतात. न झालेले एक उड्डाण घुसवायचे तर तिन्ही दप्तरे आणि त्यांवर सह्या करणारी माणसे, सगळ्यांनाच फितवावे लागेल. म्हणून अस्सल तोतया लॉगबुकात खाडाखोड करण्याच्या भानगडीत पडतच नाही. तो लॉगबुक न पाहणाऱ्यांमध्ये वावरतो.

कागद पाहायला न मिळाले, तरी साधे गणितही पुष्कळ सांगून जाते. १९७१ च्या युद्धात स्क्वाड्रनमध्ये उडणारा वैमानिक तेव्हा विशीत तरी असणार. म्हणजे आज तो पंचाहत्तरीच्या आसपास किंवा पुढे हवा. साठीतला गृहस्थ ढाक्यावर बॉम्ब टाकल्याचे सांगत असेल, तर तेव्हा तो फार तर शाळकरी मुलगा होता. कारगिलमध्ये १९९९ साली टायगर हिलवर गाजले ते मिराज २०००. आज ओळखीचे असलेले सुखोई-३० एमकेआय हवाई दलात आले ते २००२ मध्ये. बालाकोटचा हवाई हल्ला फेब्रुवारी २०१९ चा आणि पहिली राफेल भारतात उतरली ती जुलै २०२० मध्ये. बढाईखोराला बहुधा सर्वांत नवे आणि सर्वांत नावाजलेले विमान आवडते. तिथेच तो सापडतो.

इथे एक गोष्ट थोडी सावकाश पाहायला हवी, कारण दोष नेहमी बोलणाऱ्याचाच असतो असे नाही. वैमानिक हा कमिशन मिळालेला अधिकारी असतो. आपल्या गावांतून हवाई दलात गेलेले बहुतेक जण मात्र वायुसैनिक म्हणून भरती होतात. इंजिन, रडार, शस्त्रे, दळणवळण सांभाळतात आणि कॉर्पोरल, सार्जंट, वॉरंट ऑफिसर अशा पायऱ्या चढतात. पोरगा पहिल्या सुटीवर घरी आला, की आई शेजारी सांगते, हवाई दलात आहे. शेजारीण पुढच्या घरी सांगते, विमानात आहे. चौकात पोचेपर्यंत तो विमान चालवू लागलेला असतो. प्रत्येक वेळी दुरुस्ती करणे कंटाळवाणे आणि थोडे मानहानीचेही, म्हणून तो गप्प बसतो. वीस वर्षांनी त्याच गप्पपणाची गोष्ट बनते. वाईट याचे वाटते, की त्याची खरी नोकरी काही कमी तोलाची नव्हती. त्याने एफ-७०० वर सही केल्याशिवाय कोणताही विंग कमांडर विमान हलवू शकत नव्हता. आपण मात्र कॉकपिटमध्ये बसणाऱ्यालाच तेवढा शूर समजतो आणि मग माणसे तिथे जाऊन बसतात.

चूक आणि बनाव यांतही फरक करायला हवा. हवाई युद्धात प्रामाणिक माणसेही अवास्तव आकडे सांगतात. १५ सप्टेंबर १९४० रोजी इंग्लंडच्या आकाशात जर्मनांची १८५ विमाने पाडल्याचे जाहीर झाले. युद्धानंतर जर्मन दप्तरे पाहिली, तर खरा आकडा साठच्या आसपास निघाला. एकाच धूर सोडणाऱ्या विमानावर तिघांनी गोळ्या झाडल्या, तर तिघांनाही ते आपलेच वाटते. पाकिस्तानी वैमानिक एम. एम. आलम यांच्या नावावर ७ सप्टेंबर १९६५ ची एका मिनिटात पाच भारतीय हंटर विमाने पाडल्याची कथा आहे. भारतीय संशोधकांना ती मान्य नाही. पण आलम त्या दिवशी सेबर विमान घेऊन आकाशात होते आणि लढले, याबद्दल दुमत नाही. मुलांचे लाडके लेखक रोआल्ड डाल यांचे विमान १९४० मध्ये उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात कोसळले. दोन वर्षांनी अमेरिकी साप्ताहिकात त्यांचा लेख आला, तो शत्रूने विमान पाडल्याच्या मथळ्याखाली. खरे तर चुकीच्या ठिकाणाची माहिती मिळाल्याने तळ सापडला नाही, इंधन संपत आले आणि उतरताना अपघात झाला. डाल यांनी पुढे आत्मकथनात ते सरळ लिहिले. ते ग्रीसवर खरोखर लढलेले वैमानिक होते. एका अपघाताला चढवलेल्या रंगाने ते तोतया ठरत नाहीत.

आलम लढले त्याच दिवशी, पाकिस्तानच्या त्याच सरगोधा हवाई तळावर याच्या अगदी उलट घडले. स्क्वाड्रन लीडर अज्जमाडा देवय्या हे मिस्टेअर विमानातून हल्ल्याला गेले ते परतलेच नाहीत. आपल्याकडे ते बेपत्ता, एवढीच नोंद झाली. जॉन फ्रिकर या इंग्रज लेखकाने पाकिस्तानी हवाई दलाच्या माहितीवर लिहिलेले पुस्तक १९७९ मध्ये आले आणि त्यातून कळले, की त्या दिवशी पाकिस्तानचे एक स्टारफायटर एका मिस्टेअरने पाडले होते. स्टारफायटर हे वेगात आणि शस्त्रांत मिस्टेअरपेक्षा कितीतरी वरचढ विमान होते. हिशेब जुळवल्यावर तो मिस्टेअर देवय्यांचाच असल्याचे निघाले. १९८८ मध्ये, मृत्यूनंतर तेवीस वर्षांनी, त्यांना महावीरचक्र मिळाले. सांगायला स्वतः माणूस उरला नव्हता आणि साक्ष आली ती शत्रूच्या कागदांतून. उलटतपासणीमुळे खऱ्या सैनिकाचा अपमान होतो, असे मानणाऱ्यांनी हे प्रकरण जरूर पाहावे.

कायद्याचा हात इथे किती लांब पोचतो? फारसा नाही. सैनिक नसताना सैनिक भासावे म्हणून गणवेश किंवा चिन्हे वापरणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ खाली गुन्हा आहे. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मे २०२५ मध्ये पुण्याच्या खराडीत हवाई दलाचा जवान म्हणून मिरवणाऱ्या एका तरुणाला लष्करी गुप्तचरांच्या माहितीवरून अटक झाली. त्याच्याकडे हवाई दलाचे टी-शर्ट, बूट, बिल्ले सापडले. अंगावर गणवेश नसताना नुसत्या गप्पा मारणे मात्र गुन्हा नाही आणि तो नसावाही. अमेरिकेने लष्करी पदके मिळाल्याचे नुसते खोटे सांगणेही दंडनीय ठरवून पाहिले. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये तो कायदा रद्द केला आणि पुढच्या वर्षी आलेल्या नव्या कायद्यात पैसा किंवा अन्य लाभ उकळण्याच्या हेतूची अट आली. आम्हाला ही रेषा योग्य वाटते. चहाच्या टपरीवरच्या थापेसाठी पोलीस कशाला?

रेषा ओलांडली जाते ती लाभाच्या क्षणी आणि आमच्या भागात तो क्षण ठरलेला आहे. पहाटे रस्त्याच्या कडेने धावणारी भरतीची पोरे प्रत्येक गावात आहेत. त्यांना आणि त्यांच्या बापांना ‘माझी वरपर्यंत ओळख आहे, मी हवाई दलात वैमानिक होतो’ हे वाक्य शेतीचा तुकडा गहाण टाकायला लावू शकते. वैमानिकपदाची थाप इथे नुसती हौस राहत नाही, तिच्यावर विश्वास ठेवून पैसे मोजले जातात. हवाई दलातल्या अग्निवीरवायूची निवड ऑनलाइन अर्ज, लेखी परीक्षा, शारीरिक आणि वैद्यकीय चाचणी यांतून होते. त्यात कुठल्याही निवृत्त अधिकाऱ्याच्या चिठ्ठीला जागा नाही, मग तो अधिकारी अगदी खरा असला तरी.

ग्रामपंचायतीने किंवा शाळेने सत्काराआधी करायचे काम अर्ध्या दिवसाचेही नाही. पाहुण्यांना हुद्दा, शाखा, स्क्वाड्रन आणि सेवेची वर्षे विचारावीत. ज्याने ती वर्षे काढली, त्याला ती पाठ असतात. माजी सैनिकाकडे ओळखपत्र असते, निवृत्तिवेतनाचा आदेश असतो आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात माजी सैनिकांची नोंद ठेवली जाते. कॅन्टीनपासून रुग्णालयापर्यंत सगळीकडे खऱ्या माजी सैनिकाला ओळखपत्र दाखवावेच लागते. शाळेच्या मुख्याध्यापकांनी तेच मागितले, तर तो खिशातून काढून टेबलावर ठेवेल आणि चहा मागेल.