आजारी ऋणको, निद्रिस्त कायदा

नंदुरबारच्या आरोग्याची चर्चा कुपोषण आणि बांबूची झोळी या दोन गोष्टींपाशी अडते. धडगाव वा अक्कलकुव्याच्या पाड्यावरून रुग्णाला झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणले, तिथून नंदुरबारला आणि पुढे धुळे, नाशिक किंवा सुरतेला नेले, की बातमी संपते. घरच्यांचा हिशेब मात्र तिथून सुरू होतो. गाडीभाडे, सोबत्याचे जेवण, बाहेरून आणलेली औषधे आणि बुडालेली मजुरी यांचे पैसे कुठून तरी उभे करावे लागतात. ते सावकाराकडून येतात, सूक्ष्म वित्त कंपनीच्या गटकर्जातून येतात किंवा ऊसतोडीच्या मुकादमाकडून पुढच्या हंगामाची उचल म्हणून येतात. अशा कर्जाखाली पिचलेल्या गरिबाला कायद्याने मोकळे करण्याची तरतूद संसदेने 2016 मध्ये केली. ती अजून अमलात आलेली नाही, आणि आहे तशी आली तरी नंदुरबारच्या आजारी माणसाला तिचा उपयोग शून्य. या दोन्ही गोष्टी बदलल्या पाहिजेत.

आजारपणाचे कर्ज इतर कर्जांसारखे नसते, हे आधी समजून घ्यायला हवे. बियाण्यासाठी काढलेले कर्ज पीक हाती येईल या भरवशावर असते, बैलजोडीसाठी काढलेले कर्ज त्या बैलांच्या कामावर फिटते. आजारपणाच्या कर्जातून मिळकत उभी राहत नाही. उलट ज्या हातांनी ते फेडायचे तेच हात आजाराने अडकवलेले असतात. खर्च वाढतो आणि कमाई थांबते, दोन्ही एकाच दिवशी. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या 75व्या फेरीत, म्हणजे 2017-18 मध्ये, बाळंतपण वगळता एकदा दाखल होण्याचा सरासरी खर्च सरकारी रुग्णालयात सुमारे साडेचार हजार, तर खासगीत जवळपास 32 हजार रुपये आढळला. ग्रामीण भागात दाखल झालेल्या शंभरातल्या सुमारे 13 रुग्णांनी हा खर्च मुख्यतः कर्ज काढून भागवला होता. नंदुरबारसारख्या, राज्यात दारिद्र्याच्या निर्देशांकावर तळाशी असलेल्या आणि 2011 च्या जनगणनेनुसार दोन तृतीयांशांहून अधिक लोकसंख्या आदिवासी असलेल्या जिल्ह्यात शिल्लक टाकायला उरतेच किती, हे वेगळे सांगायला नको. त्यात सिकलसेलसारखा जन्मभराचा आजार घरात असेल तर उपचाराला शेवट नसतो. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने सिकलसेलचा समावेश 21 दिव्यांगत्वांत केला आहे. म्हणजे हा माणूस कायमचा कमी कमावणार, हे सरकारला तत्त्वतः मान्य आहे. तरीही त्याच्या कर्जाचा विचार मुदत वाढवणे आणि हप्ते पाडून देणे यापलीकडे जात नाही. पुनर्गठनाला अर्थ तेव्हाच असतो, जेव्हा कमाई परत सुरू होणार असते. ती होणारच नसेल, तर हप्ता लांबवणे म्हणजे व्याज वाढवणे. तिथे कर्जमाफीची कृपा नको, कर्जमुक्तीचा हक्क हवा.

तो हक्क कागदावर आहे. नादारी व दिवाळखोरी संहितेच्या तिसऱ्या भागात, कलम 80 पासून पुढे, अगदी गरीब ऋणकोसाठी ‘नवी सुरुवात’ नावाची प्रक्रिया आहे. अर्ज दाखल करून घेतला गेल्यावर वसुलीला 180 दिवस स्थगिती मिळते, या काळात कर्जांची छाननी होते आणि पात्र कर्जे रद्द होतात. पण डिसेंबर 2019 मध्ये केंद्राने हा तिसरा भाग फक्त कंपन्यांच्या वैयक्तिक हमीदारांपुरता लागू केला. बँकांना उद्योगपतींच्या हमीवर हात घालायचा होता, तेवढे दार उघडले. कंगालाचे दार बंदच राहिले. आता त्या दारावरच्या अटी पाहा. अर्जदाराचे वार्षिक उत्पन्न 60 हजारांहून अधिक नसावे, मालमत्ता 20 हजारांहून अधिक नसावी, पात्र कर्ज 35 हजारांहून अधिक नसावे आणि राहते घर स्वतःच्या मालकीचे नसावे, मग ते गहाण असो वा नसो. महाराष्ट्रात 2025-26 साठी रोजगार हमीची मजुरी दिवसाला 312 रुपये ठरली. या दराने 200 दिवस राबणाऱ्या मजुराचे उत्पन्न 62 हजार 400 रुपये होते, म्हणजे तो कायद्याच्या लेखी श्रीमंत. खासगी रुग्णालयातल्या एका मुक्कामाचा सरासरी खर्चच 2017-18 मध्ये 35 हजारांच्या मर्यादेजवळ पोहोचला होता. सर्वांत क्रूर अट घराची. एका हाताने सरकार आदिवासी कुटुंबाला शबरी योजनेतून घरकुल देते आणि दुसऱ्या हाताने तेच घरकुल दाखवून त्याला अपात्र ठरवते.

तोपर्यंत काय, याचे उत्तर 1920 चा प्रांतिक नादारी कायदा आहे. मुंबईसारखी महानगरे वगळता व्यक्तीच्या नादारीसाठी आजही तोच लागू आहे आणि त्याचा अर्ज जिल्हा न्यायालयात होतो. पण नादार ठरल्यावर कर्जातून मोकळीक मिळवायला वेगळा अर्ज, मालमत्तेचा ताबा घेणारा रिसीव्हर आणि न्यायालयाच्या तारखा, हा सारा प्रवास अंथरुणावरच्या माणसाच्या आवाक्यातला नाही. नव्या संहितेने तर व्यक्तींची प्रकरणे कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे सोपवली आहेत. ही न्यायाधिकरणे मोठ्या शहरांत बसतात. अक्कलकुव्यातल्या मोलगीच्या रुग्णाने कर्जमुक्तीसाठी तिथवर जावे, ही अपेक्षा म्हणजे त्याला आणखी एक कर्ज काढायला लावणे. हे असेच असायला हवे असे नाही, याची साक्ष आपल्याच इतिहासात आहे. 1875 मध्ये पुणे आणि नगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध शेतकरी उठले, त्यानंतर 1879 मध्ये पुणे, सातारा, सोलापूर आणि नगरसाठी दख्खन शेतकरी मदत कायदा आला. त्याने पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे बंद केले. किमान पन्नास रुपये कर्ज असलेल्या शेतकऱ्याला जवळच्या दुय्यम न्यायाधीशाकडे नादारीचा अर्ज करण्याची मुभाही दिली. परकीय सरकारला दंगल झाल्यावर सुचलेली ही जवळच्या न्यायालयाची सोय स्वतंत्र देशाच्या संहितेत सापडू नये, हे शोभत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: कर्ज बुडवण्याची सवय लागेल. पण ज्याच्यात घर, दागिना आणि पत हे तिन्ही पणाला लावायची ताकद नाही, तो कर्ज बुडवण्यासाठी आजारी पडत नाही. रुग्णालयाची कागदपत्रे आणि दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र हे पुरावे पीकबुडीच्या पंचनाम्यापेक्षा अधिक पक्के असतात. शिवाय अर्जाच्या आधीच्या तीन महिन्यांतले कर्ज ‘नव्या सुरुवाती’त धरले जात नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. कर्ज बुडणार असे दिसले तर देणारेच हात आखडतील आणि अडीअडचणीला गरिबाला सावकाराशिवाय कोणी उरणार नाही. यात तथ्य आहे. पण धोका मोजूनच व्याज लावायचे, हे सूक्ष्म वित्त कंपन्यांचे सूत्र आहे. रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल 2022 पासूनच्या चौकटीत कुटुंबाच्या सर्व हप्त्यांची बेरीज मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक नसावी, असे बंधन आहे. ते कर्ज देतानाच्या उत्पन्नावर बेतलेले. घरातला कमावता माणूस पडला की तोच हप्ता निम्म्याचा सगळा होतो. ज्या जोखमीचे व्याज आधीच वसूल केले, ती जोखीम प्रत्यक्षात उतरल्यावर सगळा भार ऋणकोवर टाकणे न्यायाचे नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये गरीब ऋणकोसाठी अशीच सोपी कर्जमुक्ती 2009 पासून आहे. 2024 मध्ये तिथे अर्जाचे शुल्क रद्द झाले आणि कर्जाची मर्यादा 30 हजारांवरून 50 हजार पौंडांवर गेली. सोय घातक ठरली असती, तर ती पंधरा वर्षांनी वाढवली गेली नसती.

विमा वाढवा, मग कर्जच होणार नाही, असेही म्हटले जाईल. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे कवच पाच लाखांपर्यंत गेले, हे मोलाचेच. देशभरात आरोग्यखर्चातला खिशातून जाणारा वाटाही 2013-14 मधील 64.2 टक्क्यांवरून 2021-22 मध्ये 39.4 टक्क्यांवर आला. पण विमा प्रामुख्याने दाखल रुग्णाचे बिल भरतो. बुडालेली मजुरी, महिन्याची औषधे, दर खेपेचे गाडीभाडे त्याच्या कक्षेबाहेर राहते. कर्ज होते ते बहुतेक याच फटीतून. राहिला प्रश्न कागदावर नसलेल्या कर्जाचा. सावकाराचे आणि मुकादमाचे देणे न्यायालयात सिद्ध कसे करणार? इथे नवा कायदा लागत नाही. राज्याच्या 2014 च्या सावकारी नियमन कायद्यात दामदुपटीची मर्यादा आहे, म्हणजे मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. उचलीपोटी माणसाचे श्रम अडकवले जात असतील, तर 1976 चा वेठबिगार निर्मूलन कायदा ते देणेच संपुष्टात आणतो आणि त्याची अंमलबजावणी जिल्हाधिकाऱ्यांच्या हाती आहे. दोन्ही कायद्यांखाली देण्याची चौकशी झाली, तर छाननीच्या यादीत कायदेशीर कर्ज तेवढेच उरेल.

मागण्या म्हणून मोजक्याच आहेत. केंद्राने संहितेची ‘नवी सुरुवात’ तातडीने लागू करावी आणि घरकुलाची अट काढून टाकावी. उत्पन्न आणि कर्जाच्या मर्यादा किमान वेतन आणि रुग्णखर्चाशी जोडून दरवर्षी सुधाराव्यात. आजार वा दिव्यांगत्वातून झालेले कर्ज स्वतंत्र प्रकार म्हणून ओळखावे आणि त्याचा अर्ज तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात घेण्याची मुभा द्यावी. राज्य सरकारला त्यासाठी वाट पाहायची गरज नाही. 1987 च्या विधी सेवा कायद्याने आदिवासी आणि दिव्यांग या दोघांना उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील दिला आहे. तालुका विधी सेवा समित्यांनी रुग्णालयातच मदत कक्ष उघडून सावकारी व वेठबिगार कायद्यांखालील तक्रारी आणि 1920 च्या कायद्याखालील अर्ज दाखल करून द्यावेत. आधार योजनेची सुरुवात सप्टेंबर 2010 मध्ये याच जिल्ह्यातल्या टेंभली गावात झाली. नागरिकाची ओळख पटवण्यासाठी सरकार नंदुरबारच्या गावापर्यंत पोहोचू शकते, तर त्याचे न फिटणारे देणे मिटवण्यासाठीही पोहोचले पाहिजे. आजारपणाच्या कर्जमुक्तीचा पहिला तालुका याच जिल्ह्यातला असावा, आणि त्याची सुरुवात मंत्रालयाने याच वर्षी करावी.