पक्की नोकरी, कच्चा कागद

‘पक्का’ हे विशेषण मराठी माणूस जपून वापरतो. रंग पक्का, घर पक्के, चोर पक्का आणि नोकरी पक्की. यांपैकी रंग पहिल्या धुण्यात निम्मा जातो, घराला दुसऱ्या पावसाळ्यात ओल येते आणि चोर मात्र शेवटपर्यंत पक्का राहतो. राहता राहिली नोकरी. तिच्या पक्केपणाविषयी आमच्या कर्जत-खालापूर पट्ट्यात जी गाढ श्रद्धा आहे, तिला माझा विरोध आहे. तो मी छापून द्यायचे ठरवले, कारण घरात तोंडी दिला तेव्हा कोणी ऐकूनच घेतला नाही.

निमित्त माझ्या भाच्याचे. वय २५, शिक्षण इंजिनिअरिंग, लग्न नाही, कर्ज नाही. (कर्जतला राहून कर्ज नाही, हा विनोद आमच्याकडे इतका जुना आहे की मी तो केवळ कुळाचार म्हणून करतो.) हल्ली तो एका मोठ्या, जुन्या कंपनीत आहे. महिना ६० हजार. आता त्याला मुंबईच्या एका स्टार्टअपने बोलावले. पगार ४५ हजार आणि वर कंपनीचे शेअर, चार वर्षांत मिळून बारा लाखांचे, ‘आजच्या भावाने’.

झाले! घरात परिषद भरली. भाऊजींनी वर्तमानपत्र खाली ठेवले, जे ते सहसा भूकंपाखेरीज ठेवत नाहीत. ताईने पोह्यांत मीठ घातले की नाही हे तिला आठवेना. शेजारचे अण्णा न बोलावता आले. अण्णांना कोणी बोलावत नाही, ते असतातच.

“स्टार्टअप म्हणजे काय रे नेमकं?” अण्णांनी विचारले.

भाचा दहा मिनिटे सांगत होता. अण्णांनी ते सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, “म्हणजे आमच्या जुन्या स्कूटरसारखं. आडवी करायची, किक मारायची, आणि सुरू झाली तर ऑफिस, नाही तर ढकलत घरी.”

व्याख्या वाईट नाही. भांडण माझे पुढच्या वाक्याशी आहे. अण्णा म्हणाले, “पक्की नोकरी सोडून असले धंदे करू नयेत.”

आता अण्णांनी जरा रसायनीच्या बाजूला तोंड करून हे वाक्य पुन्हा म्हणावे. गावाचे नावच मुळी कारखान्यांवरून पडलेले. तिथे हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्स ही कंपनी, १९६० साली स्थापन झालेली, आणि मालक कोण, तर साक्षात भारत सरकार! याहून पक्का मालक पत्रिकेत तरी लिहिता येईल का? तिथल्या नोकरीवर डोळे मिटून मुली दिल्या गेल्या. आणि २०१७ च्या मे महिन्यात केंद्रीय मंत्रिमंडळाने ठरवले की रसायनीचे कारखाने बंद. रॉकेटला लागणारे एक रसायन करणारा विभाग तेवढा इस्रोकडे जायचा, बाकीच्यांना स्वेच्छानिवृत्ती. या शब्दातली इच्छा कोणाची असते, हे ज्याने घेतली त्याला विचारावे. म्हणजे रॉकेटची नोकरी टिकली आणि जमिनीवरची गेली. अण्णा, जास्त धोक्याचे काय, सांगा बघू!

खोपोलीच्या वाटेवरच्या ज्या गेटांवर तीन-तीन पाळ्यांचे भोंगे वाजत, त्यांतल्या कित्येकांना आज कुलूप आहे. तिथे काम करणारी माणसे काही जुगारी नव्हती. त्यांनीही पक्की नोकरीच धरली होती. तेव्हा कंपनी जुनी म्हणून नोकरी पक्की, हे गणित कृपा करून भाच्यापुढे मांडू नये. आजोबा जुने असतात म्हणून काही अमर नसतात.

उलट आमच्या तालुक्यात जे टिकून आहे ते बघा. नेरळ-माथेरानची गाडी. सर आदमजी पीरभॉय यांनी पैसा घातला, त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी ती बांधून घेतली आणि १९०७ साली ती डोंगर चढू लागली. दोन फूट रुंदीचा रूळ, अंगावर येणारी वळणे आणि वर गेल्यावर काय, तर माकडे आणि हवा! आमची परिषद तेव्हा भरली असती तर त्या गाडीवर कोळसा टाकायलासुद्धा तिने कोणाला जाऊ दिले नसते. तीच गोष्ट खोपोलीच्या विजेची. जमशेटजी टाटा १९०४ सालीच गेले, कंपनी निघाली १९१० साली, आणि लोणावळ्याच्या पाण्याला पाचशे मीटरहून अधिक खाली खोपोलीत उडी मारायला लावून १९१५ साली मुंबईच्या गिरण्यांना वीज दिली गेली. अण्णा असते तर म्हणाले असते, “पाणी वरून खाली पडतं यात नवीन ते काय? आमच्या स्वयंपाकघरातही पडतं.”

एवढे ऐकून भाच्याला वाटले, मामा आपल्या बाजूचा. त्याची छाती फुगली आणि तो म्हणाला, “बघ ना मामा! आमचे सीईओ तर म्हणतात, शिवाजी महाराज हेच आपले पहिले स्टार्टअप फाउंडर.”

इथे माझी आणि भाच्याची फारकत झाली.

महाराजांचे नाव कोणत्याही दुकानाच्या पाटीवर टाकायची सवय आपल्याला आहेच. पण ज्याने खालापूर तालुक्यात राहून हे वाक्य ऐकून घेतले, त्याला उंबरखिंड दाखवून आणली पाहिजे. २ फेब्रुवारी १६६१ या दिवशी त्या खिंडीत महाराजांनी कारतलबखानाची फौज अशी कोंडली की पुढे जाता येईना, मागे फिरता येईना. शरण आल्यावर खंडणी घेऊन सोडून दिली. आता त्या सीईओंना माझा प्रश्न एवढाच: झाडीत दबा धरून बसलेल्या मावळ्याला महाराजांनी काय सांगितले होते? ‘पगार पाऊण घे, बाकीचे स्वराज्य मोठे झाल्यावर बघू’ असे? मुळीच नाही! वतने आणि जहागिऱ्या तोडून देण्यापेक्षा रोख वेतन द्यावे, हे महाराजांचे धोरण शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. कागदावरची जहागीर माणसाला मिंधे करते आणि रोख पगार माणसाला शिपाई करतो, हे त्यांना साडेतीनशे वर्षांपूर्वी कळले होते. तेव्हा नाव महाराजांचे घ्यायचे आणि पगार मात्र जहागिरीत द्यायचा, हे चालायचे नाही.

आता त्या जहागिरीचा हिशोब करू. ६० वजा ४५, १५ हजार. चार वर्षांचे महिने ४८. गुणाकार ७ लाख २० हजार. म्हणजे हे शेअर कोणी बक्षीस देत नाही, भाचा ते महिना १५ हजारांच्या हप्त्याने विकत घेतो आहे. बरे, तेही शेअर नव्हेत. शेअर घेण्याचा हक्क. प्रत्यक्ष घेताना ठरलेली किंमत भरायची ती वेगळीच. उद्या भाचा म्हणाला की मी सात लाख रुपये बाजारात नोंद नसलेल्या एकाच कंपनीत घालतो, तर भाऊजी अंथरूण धरतील. तेच ‘पगारातला फरक’ म्हटले की कोणाला दिसत नाही. शिवाय पगार जिथे, तिथेच बचत. कंपनी बुडाली तर एकाच दिवशी दोन्ही. आपल्या बायका दागिने आणि रोकड एका डब्यात ठेवत नाहीत, एक कपाटात आणि एक डाळीत. हे शहाणपण इंजिनिअरिंगला शिकवत नसावेत.

“पण दहा हजार शेअर आहेत मामा!” भाचा म्हणाला.

“एकूण किती?”

“दहा हजार.”

“तुझे नव्हे. कंपनीचे एकूण किती?”

तो गप्प. आता कोकणच्या पोराला हे समजावायला अर्थशास्त्र लागू नये, सातबारा पुरे. आजोबांच्या वेळी उताऱ्यावर नावे चार. बापाच्या वेळी अकरा. आज सदतीस, त्यांतली दोन कॅनडात. जमीन तेवढीच, तुझा हिस्सा मात्र पायपुसण्याएवढा. स्टार्टअपमध्ये दर वेळी नवा गुंतवणूकदार आला की नवी नावे चढतात. आणि सातबाऱ्यावर ‘इतर अधिकार’ म्हणून एक रकाना असतो, त्यात सोसायटीचा बोजा. जमीन विकली तर आधी बोजा फिटतो, मग भाऊबंद. इथेही बहुतेक करारांत मोठ्या गुंतवणूकदारांचे पैसे आधी परत, मग उरल्यासुरल्यात तू. शिवाय हक्क वापरून शेअर घेतलास की भावातला फरक हा तुझा पगारच समजून त्यावर आयकर. शेअर विकलेला नाही, हातात छदाम नाही, पण कर आहे! २०२० च्या अर्थसंकल्पाने हा कर पुढे ढकलायची सवलत दिली, पण ती सरसकट सगळ्या स्टार्टअपना नाही. शेताला घिरट्या घालणारे फार्महाऊसचे एजंट तरी बरे, ते निदान प्लॉटवर उभे करून डोंगर दाखवतात.

फ्लिपकार्ट वॉलमार्टने २०१८ साली घेतली तेव्हा त्यातल्या शेअरवाल्या नोकरांचे भाग्य उजळले, ही कथा हल्लीच्या प्रत्येक मुलाला रामरक्षेसारखी पाठ असते. बायजूज कंपनीची किंमत २०२२ मध्ये २२ अब्ज डॉलर धरली जात होती आणि जुलै २०२४ मध्ये तिच्यावर दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली, ही कथा मात्र त्यांना कोणी पाठ करायला सांगत नाही.

कर्जतच्या माणसाला खरे तर याहून सोपे उदाहरण रोज दिसते. जगात बँकर म्हणजे पैसेवाला. आमच्याकडे बँकर म्हणजे गाडीला मागून लावलेली इंजिने. पुण्याची गाडी कर्जतला थांबते, मागे बँकर लागतात, सदतिसास एकचा बोरघाटाचा चढ ते ती गाडी ढकलत नेतात आणि लोणावळ्याला त्यांना सोडवून ठेवतात. गाडी पुढे पुण्याला जाते. बँकर खाली परत येतो. (त्या थांब्यात आपण बटाटेवडा खातो, म्हणून बँकरविषयी आमच्या मनात ओलावा आहे.) स्टार्टअपमध्ये पहिल्या चढाला लावलेल्या पोरांचे बहुधा असेच होते. फरक एवढाच की आमच्या बँकरच्या ड्रायव्हरला महिनाअखेर पूर्ण पगार मिळतो. त्याला कोणी ‘तू आमच्या परिवाराचा घटक आहेस’ म्हणत नाही.

या ‘परिवार’ शब्दावर माझा फार राग आहे. परिवार म्हणायचे, म्हणजे पगार आठ दिवस उशिरा झाला तरी कोणी बोलायचे नाही. वेळेचे बंधन नाही म्हणायचे, आणि ते फक्त घरी जायच्या वेळेला नाही! मुंबईहून कर्जत दोन तास. रात्री साडेनऊला ज्यांना नवीन कल्पना सुचतात त्यांची घरे ऑफिसपासून दहा मिनिटांवर असतात. शेवटची कर्जत पकडणाऱ्याला बदलापूरपर्यंत फक्त झोप सुचते.

आणि खरा परिवार इकडे आहे. भाच्याला घरभाडे नाही, डबा घरचा, आजारपण भाऊजींच्या पेन्शनवर. म्हणून तर ४५ हजार परवडतात. म्हणजे त्या कंपनीची पहिली गुंतवणूकदार माझी ताई आहे. तिने भांडवल घातले आहे पोळीभाजीचे, पहाटे साडेचारला उठून. तिला एक शेअर नाही. धोका पत्करणाऱ्या तरुणाईवर भाषणे होतात तेव्हा हा धोका नेमका कोणाच्या गॅसवर शिजतो, तेही कोणी बोलावे.

एवढे होऊनही माझे मत विचाराल तर त्याने जावे. २५ व्या वर्षी नोकरी गेली तर दुसरी मिळते, पंचेचाळिसाव्या वर्षी पक्की नोकरी गेली की माणूस गेटाकडे बघत बसतो. जुन्या कंपनीत तो तीन वर्षे एकाच यंत्राचा एकच भाग तपासतो आहे. इथे सगळे यंत्रच बनवायला मिळेल. शिकलेले कोणी काढून घेत नाही, त्याला वाटेकरी चढत नाहीत आणि त्यावर बोजाही नसतो. पण जावे ते रोख पगारावर, आणि शेअरची किंमत शून्य धरून. शून्य धरूनही जावेसे वाटले तर खुशाल जावे. नाही वाटले, तर ती नोकरी नव्हे, लॉटरीचे तिकीट आहे आणि ते स्टेशनाबाहेर स्वस्तात मिळते.

भाच्याला हे पटले असे तो म्हणाला नाही, पण रात्री बसून त्याने कंपनीला पत्र लिहिले. बँकेत किती महिन्यांच्या पगाराचे पैसे आहेत, प्रॉव्हिडंट फंड पहिल्या महिन्यापासून भरता का, कंपनी विकली तर आधी कोणाचे पैसे फिटणार, आणि एकूण शेअर किती. वर्ष पुरे व्हायच्या आत काढून टाकलेत तर शेअरच्या नावाने शून्य, हे त्याला आता माहीत होते, कारण देऊ केल्यापासून निदान एक वर्ष गेल्याशिवाय तो हक्क लागू होत नाही, असा नियमच आहे. म्हणून पहिल्या वर्षाचा पगार तरी वाढवा, असेही त्याने लिहिले. पत्रातला ‘आदरपूर्वक’चा ऊकार भाऊजींनी दुरुस्त केला.

चौथ्या दिवशी कंपनीतून एका मुलीचा फोन आला. असले प्रश्न आजवर कोणी विचारले नव्हते म्हणाली. पगार ४५ चा ५२ झाला. पैसे चौदा महिन्यांचे आहेत म्हणे. फंड भरतात. विक्रीच्या वेळचा क्रम ‘वकिलांना विचारून’ कळवणार आहेत. एकूण शेअरचा आकडा मात्र अजून आलेला नाही. भाच्याने राजीनामा लिहून ठेवला आहे, तारीख घातलेली नाही.

अण्णा रोज संध्याकाळी गॅलरीतून ओरडून विचारतात, “काय रे, आकडा आला का?” समोरच्या इमारतीत नवीन राहायला आलेल्या कुटुंबाने त्यामुळे आमच्याकडे मुले खेळायला पाठवणे बंद केले आहे.