हॅमस्टर घरात आणण्याआधी



पाठशाळा सुटल्यावर मुलांची वाट बघत उभ्या असलेल्या आयांमध्ये हल्ली एक प्रश्न हमखास निघतो. "मुलं हॅमस्टर मागतायत. कुत्रा-मांजर म्हटलं की मांसाहाराचा प्रश्न येतो. हा तर दाणे खातो, कोपऱ्यात मावतो, आवाजही नाही. आणावा का?" माझं उत्तर आधीच सांगून टाकते. विकत आणू नये. घरात आलेलाच असेल तर शेवटपर्यंत नीट सांभाळावा.

आधी हा जीव कोण ते बघू. 1930 साली इस्राएल आहारोनी या प्राणिशास्त्रज्ञांनी सीरियातल्या अलेप्पोजवळ एका शेतातलं बीळ खणून एक मादी आणि तिची पिल्लं बाहेर काढली. घाबरलेल्या आईने त्या वेळी स्वतःचंच एक पिल्लू मारलं. आज जगभर घरांत दिसणारे सोनेरी हॅमस्टर जवळजवळ सगळे त्याच एका कुटुंबाचे वंशज आहेत. जमिनीखाली खोल बीळ करून एकट्याने राहायचं, दिवसा झोपायचं, अंधार पडला की बाहेर पडून गालाच्या पिशव्यांत दाणे भरून आणायचे, हा त्यांचा स्वभाव. आयुष्य दोन ते तीन वर्षांचं. आपण पाणी गाळून पितो ते डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवांसाठी. हा तर पंचेंद्रिय जीव आहे, भीती आणि वेदना त्याला आपल्यासारखीच कळते.

दशलक्षण पर्वात तत्त्वार्थसूत्राचा सातवा अध्याय आपण दरवर्षी ऐकतो. त्यात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. बैल-घोडे दारात असण्याच्या काळातली ही यादी हॅमस्टरच्या पिंजऱ्यालाही तंतोतंत लागू पडते.

बंध म्हणजे बांधून, कोंडून ठेवणं. दुकानात मिळणारा रंगीत पिंजरा बहुतेक वेळा बुटांच्या खोक्यापेक्षा थोडाच मोठा असतो. रात्रीत काही किलोमीटर धावणाऱ्या जीवाला निदान तीन फूट लांब आणि दीड फूट रुंद जागा हवी, बीळ करता येईल असा आठ-दहा इंच जाडीचा कागदी भुसा हवा. एवढी जागा आपल्या हॉलमध्ये द्यायची तयारी आहे का? तो सारखा गज कुरतडत असेल तर मुलं म्हणतात, खेळतोय. तो बाहेर पडायची वाट शोधत असतो.

वध म्हणजे मारहाण. आपल्या घरात कोणी हात उगारणार नाही. पण "एकटा कंटाळेल" म्हणून दुकानदार जोडी देतो. सोनेरी हॅमस्टर मोठे झाले की एकत्र राहू शकत नाहीत, एकमेकांना जिवे मारेपर्यंत भांडतात. त्यातून नर-मादी असतील तर सोळा दिवसांत पिल्लं होतात, सात-आठ किंवा जास्तच. घाबरलेली आई कधी कधी ती खाऊनही टाकते. मुलांच्या डोळ्यांसमोर हे व्हावं असं कोणाला वाटेल?

छेद म्हणजे अवयवांना इजा. काड्यांच्या चाकात पाय अडकून मोडतो. मायेने अंथरलेला कापूस पायाला गुंडाळला जातो, पोटात गेला तर आतडी अडवतो. चाक सपाट पृष्ठभागाचं आणि सोनेरी हॅमस्टरला सुमारे अकरा इंच व्यासाचं लागतं. लहान चाकात त्याची पाठ वाकडी राहते.

अतिभार म्हणजे झेपणार नाही इतकं ओझं. इथे ओझं आपल्या कौतुकाचं असतं. दुपारी पाहुणे आले की झोपलेल्याला उचलायचं, या हातातून त्या हातात द्यायचं, फोटो काढायचे. तो चावला की "रागीट आहे" म्हणायचं. शिवाय एप्रिल-मेची उष्णता. तीस अंशांच्या वर त्याला उष्माघाताचा धोका असतो आणि आपल्याकडे पारा चाळिशीला टेकतो.

पाचवा अतिचार अन्नपाण्याची आडकाठी. इथे आपल्या घरांनी विशेष सावध राहावं. आपण सूर्यास्ताआधी जेवतो आणि त्याचा दिवस सूर्यास्तानंतर सुरू होतो. रात्रीभोजनत्यागाचं व्रत आपण समजून-उमजून घेतलेलं असतं, त्याने घेतलेलं नाही. संध्याकाळी त्याची वाटी उचलून ठेवणं किंवा चतुर्दशीला त्यालाही उपास घडवणं हा धर्म नाही, अतिचारच आहे. कांदा-लसूण त्याला घातकच, ते आपल्याकडे नसतंच. पण तो पूर्ण शाकाहारी प्राणी नाही, रानात किडेही खातो. दुकानातल्या तयार खाद्यात मासळीची भुकटी असू शकते. पाकीट वाचून, प्रथिनं पुरेशी असलेलं वनस्पतीजन्य खाद्य शोधावं लागतं. नुसत्या सूर्यफुलाच्या बियांवर तो लठ्ठ होतो आणि आजारी पडतो.

काही जणी म्हणतील, हे सगळं आम्ही करू, मग घ्यायला काय हरकत? हरकत खरेदीची आहे. हिंसा आपण स्वतः केली, दुसऱ्याकडून करवली किंवा तिला अनुमोदन दिलं, तिन्हींचा दोष आपल्याकडे सारखाच मानतात. एक हॅमस्टर विकला गेला की दुकानदार दुसरा मागवतो. 2018 च्या नियमांनुसार पाळीव प्राण्यांच्या दुकानाला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते, पण नोंदणी असली तरी आपले पैसे पुढच्या पिल्लाची मागणी करतातच. लग्नाच्या मेजवानीसाठी कोंडलेले पशू बघून नेमिनाथ भगवान मांडवातून परत फिरले. वाढदिवसाच्या भेटीसाठी जीव कोंडताना आपल्याला ती कथा आठवायला हवी.

आपल्या समाजाची प्राण्यांशी नातं जोडायची रीत वेगळी आहे. मुंबईत भुलेश्वरची पांजरपोळ 1834 साली उभी राहिली ती निराधार जनावरांना आसरा द्यायला. त्याच न्यायाने, परगावी जाणाऱ्या शेजाऱ्यांचा किंवा कोणी नकोसा झाला म्हणून टाकून दिलेला हॅमस्टर तुमच्या दारी आला, तर जरूर ठेवून घ्या आणि वर लिहिलंय ते सगळं करा. दशलक्षणात मंदिरात किंवा सम्मेद शिखरजीला जाताना त्याची जबाबदारी घरातल्या नाहीतर ओळखीच्या मोठ्या माणसाकडे सोपवा. आठ-दहा वर्षांच्या मुलावर टाकू नका.

आणि एक कळकळीची विनंती. कंटाळा आला किंवा मन खाऊ लागलं म्हणून त्याला बागेत, शेतात सोडू नका. पोपट सोडल्यासारखं पुण्य वाटतं, पण हा जीव इथला नाही. मांजर, कावळा, घार किंवा ऊन, यांतलं काहीतरी त्याला एक-दोन दिवसांत गाठतंच. ते अभयदान होत नाही. सोडण्याऐवजी सांभाळणारं घर शोधा.

मुलांचा हट्ट मात्र खरा असतो, तो नुसता मोडू नये. गच्चीवर मातीच्या पसरट भांड्यात पाखरांसाठी पाणी ठेवायचं काम त्यांना द्या आणि रोज बदलायला लावा. महिन्यातून एका रविवारी जवळच्या पांजरपोळीत न्या, चारा त्यांच्याच हातांनी घालू द्या. तिथल्या म्हाताऱ्या गाईला किंवा लंगड्या घोड्याला मुलं नावाने ओळखू लागतात. पुढच्या वेळी निघताना तीच विचारतात, तिच्यासाठी काय न्यायचं?