क्षीरसागरांचं आडनाव आणि एक सोपं केलेलं फंक्शन

आजचा विषय ऐकून आमच्या नातेवाईकांपैकी निम्मे पान बंद करतील. करा बापडे! मराठी शिकवणाऱ्या बाईंनी निवृत्तीनंतर 'सी' शिकावी हेच काहींना अजून पटलेलं नाही. पण मला या भाषेचं व्याकरण आवडतं, आणि भाचा आपले प्रोग्रॅम मला वाचायला पाठवतो.

त्याचा एक छोटा प्रोग्रॅम आहे, एका वाचनालयाच्या सभासदांची यादी ठेवणारा. त्यात अकरा ठिकाणी स्ट्रएनकॉपी वापरून नावं इकडून तिकडे नेली जायची आणि दर वेळी खाली एक ओळ, शेवटच्या जागी हाताने शून्य ठेवण्याची. भाच्याने हे सगळं काढून एकच फंक्शन लिहिलं, आत एसएनप्रिंटएफ. "मावशी, ऐंशी ओळी कमी झाल्या, बघ आणि हो म्हण," असा निरोप.

ओळी कमी झाल्या हे चांगलंच. 'सी'त शब्दाची लांबी कुठे लिहिलेली नसते. शून्य दिसेपर्यंत वाचत जायचं, एवढाच नियम. पूर्णविराम विसरला की वाक्य शेजारच्याच्या वहीत शिरतं. १९८८च्या नोव्हेंबरात इंटरनेटवर जो मॉरिस वर्म पसरला, त्याने शिरायच्या वाटांपैकी एक म्हणून गेट्स हे फंक्शन वापरलं होतं. समोरून किती अक्षरं येताहेत हे ते मोजतच नसे. २०११च्या प्रमाणकातून ते काढून टाकलं, म्हणजे तब्बल तेवीस वर्षांनी! तेव्हा शून्य ठेवायचं काम अकरा जागी विखरून ठेवण्यापेक्षा एका जागी असावं, यात वाद नाही.

पण माझं मत असं, की 'सोपं केलं' म्हणून आलेला बदल तपासताना नवा कोड वाचून भागत नाही. जुना कोड न सांगता काय काय करत होता, ते आधी बघावं लागतं.

आता स्ट्रएनकॉपीच घ्या. सगळे तिला नावं ठेवतात, पण ती मुळात सुरक्षित नक्कल करण्यासाठी जन्मलीच नव्हती. जुन्या युनिक्समध्ये फाइलचं नाव चौदा अक्षरांच्या ठरावीक चौकटीत बसवायचं असे, तिथली ही बाई. नाव चौकटीएवढंच असेल तर ती शेवटी शून्य ठेवत नाही, आणि लहान असेल तर उरलेली सगळी जागा शून्यांनी भरते. या दुसऱ्या सवयीवर भाच्याचा प्रोग्रॅम नकळत विसंबून होता. सभासदाची नोंद फाइलमध्ये अख्खी चौकट उचलून लिहिली जाते. नवं फंक्शन एकच शून्य ठेवतं आणि थांबतं. मग त्याच चौकटीत आधी मोठं नाव असेल, तर त्याचं शेपूट नव्या नोंदीबरोबर फाइलमध्ये जातं. पडद्यावर दिसणार नाही, फाइल उघडली की दिसेल.

लिनक्सच्या कर्नलमध्येही हीच साफसफाई अनेक वर्षं चालली. २०१५ साली स्ट्रएसकॉपी आली, २०२४च्या ६.८ आवृत्तीत स्ट्रएलकॉपी काढून टाकली. उरलेली जागा शून्यांनी भरायची गरज असेल तिथे वापरायला त्यांनी वेगळं फंक्शन ठेवलं आहे, आणि नवी नक्कल नाव कापलं गेलं तर तसं सांगते. हे सांगणं मला महत्त्वाचं वाटतं.

कारण आपली देवनागरी! यूटीएफ-८मध्ये आपलं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. काना, अनुस्वार, हलन्तसुद्धा. वाचनालयाची चौकट ६४ बाइटांची. एक काल्पनिक सभासद घ्या, ज्ञानेश्वर पांडुरंग क्षीरसागर. सत्तावीस चिन्हं, म्हणजे ८१ बाइट, वर दोन मोकळ्या जागा, एकूण ८३. शून्यासाठी एक जागा सोडली की ६३ बसतात. ५६ बाइटांत नाव आणि वडिलांचं नाव मोकळ्या जागांसह संपतं. उरले सात, त्यात 'क', हलन्त, आणि 'ष'चा एक तृतीयांश! पडद्यावर पाय मोडलेला क आणि पुढे प्रश्नचिन्हाचा चौकोन. इंग्रजीत लिहिलं असतं तर तीस-बत्तीस अक्षरांत आरामात बसलं असतं, म्हणून ज्याने चौकट आखली त्याला ही अडचण कधी दिसलीच नसणार.

भाचा म्हणाला, "मागे सरकून पूर्ण चिन्हावर कापतो की." तेही करता येतं, मधल्या बाइटांची ओळख ठरलेली असते. पण उरतं काय? 'ज्ञानेश्वर पांडुरंग क्'. कोणाचं आडनाव आहे हे? वर्गात हजेरी घेताना मी असं नाव वाचलं असतं तर पोराने ओ दिली नसती.

एसएनप्रिंटएफ किती जागा लागली असती तो आकडा परत देते. भाच्याने तो आकडा टाकून दिला होता. मी म्हटलं, तो बघ, आणि नाव बसत नसेल तर नोंद नाकार, काउंटरवरच्या माणसाला सांग. तो म्हणतो, लोक वैतागतील, कापलेलं चालतं.

शून्यांनी भरण्याचं त्याने लगेच मान्य केलं, बदल दुरुस्त करून पुन्हा पाठवला. कापण्यावरून आमचं अजून चाललंय. चौकट २५६ची करतो म्हणाला आहे, पण आकडा मात्र अजूनही बघत नाही, आणि मी हो म्हटलेलं नाही.