विसरलेला श्रीकार

पत्रलेखनाची सवय असलेल्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक असते. काही सांगायचे राहून गेले, तर सहीखाली 'ता. क.' घालून ते लिहिता येते. पण वर 'श्री' लिहायला विसरले आणि तिथे जागाही सोडलेली नसली, तर सारे पत्र नव्या कागदावर उतरवून काढावे लागते. संगणकातल्या फाईलचेही नेमके असेच आहे. शेवटी भर घालणे सोपे, आरंभी घालणे अवघड. हे ध्यानात घेतले नाही, तर महिनाभर जमवलेला मजकूर क्षणात नाहीसा होतो.

समजा, बेंगळुरूच्या राजाजीनगरात काही मराठी कुटुंबे मिळून गणपती बसवतात आणि वर्गणीचा हिशेब लिनक्सच्या संगणकावर ठेवतात. रोज संध्याकाळी नाव, रक्कम आणि पावतीचा क्रमांक यादीच्या तळाशी चढतो. त्यासाठी छोटीशी आज्ञावली, म्हणजे स्क्रिप्ट, लिहिलेली असते. तिच्यात >> हे चिन्ह वापरले की नवी ओळ शेवटी जाऊन बसते. जुन्या ओळींना धक्का लागत नाही. उत्सव जवळ येतो आणि यादीच्या डोक्यावर 'श्री', वर्ष आणि रकान्यांची नावे हवीत असे ठरते. खरी परीक्षा इथे सुरू होते.

अडचण कुठे आहे?

फाईल म्हणजे एकामागून एक ओवलेल्या बाइटांची माळ. आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या यूटीएफ-८ पद्धतीत 'श्री' या एका अक्षरात श, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी अशी ४ चिन्हे असतात. प्रत्येकाला ३ याप्रमाणे १२ बाइट लागतात आणि ओळ संपल्याची खूण धरून १३. ते आरंभी घालायचे, तर पुढचा प्रत्येक बाइट १३ घरे सरकायला हवा. 'जरा सरका, जागा करा' असे फाईलला सांगण्याची साधी सोय मात्र नाही. सुरुवातीला जाऊन तसेच लिहू लागले, तर पहिल्याच वर्गणीदाराच्या नावावर 'श्री' उमटतो आणि नाव पुसले जाते.

मग नवशिका एक युक्ती करतो. 'कॅट' ही आज्ञा फाईली एकापुढे एक जोडते. तिला आधी मथळा, मग यादी द्यायची आणि > हे चिन्ह घालून निकाल पुन्हा यादीतच उतरवायचा. कागदावर हे बिनचूक दिसते. पण > चिन्ह दिसताच संगणक उजवीकडची फाईल आधी रिकामी करतो आणि मगच 'कॅट'ला कामाला लावतो. 'कॅट' यादी वाचायला जाते, तेव्हा तिथे जुने काहीच उरलेले नसते. फाईल उघडावी, तर मथळा तेवढा दिमाखात उभा आणि लोकांनी विश्वासाने दिलेल्या पैशांची नोंद गायब! कचऱ्याच्या टोपलीत शोधूनही ती सापडत नाही.

सुरक्षित वाट

पत्राला जो उपाय, तोच इथेही: नवा कागद घ्यावा. मथळा आणि जुनी यादी जोडून तिसऱ्याच नावाच्या फाईलमध्ये उतरवावी. ते काम निर्विघ्न पार पडले, तरच नव्या फाईलला जुने नाव द्यावे. दोन आज्ञांच्या मध्ये && ही जोडखूण घातली, की पहिली फसल्यास दुसरी चालतच नाही. डिस्क भरल्यामुळे नक्कल अर्धवट राहिली, तरी मूळ यादी शाबूत राहते. नाव बदलण्याचे काम 'एमव्ही' ही आज्ञा करते.

'सेड' नावाचे साधन हेच एका ओळीत करून देते. बेल प्रयोगशाळेतील ली मॅकमहॉन यांनी ते १९७०च्या दशकात तयार केले. लिनक्सवरचे 'सेड' जागच्या जागी बदल करते असे वाटते. प्रत्यक्षात तेही पडद्याआड नवी फाईल लिहून जुनीच्या जागी ठेवते. एक खोच मात्र आहे. 'पहिल्या ओळीच्या आधी घाल' असे सांगितले आणि फाईल रिकामी असली, तर ते काहीच घालत नाही. कारण पहिली ओळच नसते.

आणखी तीन पथ्ये पाळावीत. प्रयोगापूर्वी यादीची एक प्रत वेगळी ठेवावी. आज्ञावली दोनदा चालली तर मथळाही दोनदा येतो, म्हणून तो आधीच आहे का हे तिला तपासायला लावावे. आणि एक जण मथळा चढवत असताना दुसऱ्याने त्याच यादीत वर्गणी लिहू नये. नक्कल झाल्यानंतर आलेली नोंद जुन्या फाईलबरोबर जाते.

सर्वांत सोपा मार्ग तर वेगळाच. मथळा आपल्या फाईलमध्ये राहू द्यावा, यादी आपल्या फाईलमध्ये वाढू द्यावी आणि छापताना दोन्ही जोडाव्यात. यादीला हात न लावता श्रीकार माथ्यावर येतो आणि हिशेबाच्या दिवशी प्रत्येक पावतीला तिची ओळ सापडते.