झोपेतले तेरा

जिमच्या दारावरच्या फलकापासून मोबाइलवरच्या रीलपर्यंत सध्या एक वचन फार खपतंय: स्नायू कमवा आणि झोपेतसुद्धा चरबी जाळा. सोबत आकडाही तयार असतो. एक किलो मसल म्हणे रोज शंभर कॅलरी फुकटात जाळतो! पन्नाशीतल्या माणसाच्या कानावर ‘फुकटात’ एवढं पडलं की पुढचं ऐकायची त्याला गरज वाटत नाही. तो वर्षाची फी भरून मोकळा होतो.

शरीराचा हिशेब इतका उदार नाही. स्वस्थ पडलेल्या माणसाचा एक किलो स्नायू दिवसभरात साधारण १३ कॅलरी खर्च करतो आणि एक किलो चरबी साडेचार. समजा, घाम गाळून दोन किलो स्नायू कमावले (पन्नाशीत एवढं जमलं तरी पाठ थोपटून घ्यावी), तर झोपेतली रोजची मिळकत २६ कॅलरी. चहातली दीड चमचा साखर. एक मारी बिस्किट उचललं की खातं कोरं.

मग पडल्या पडल्या एवढी ऊर्जा जाते कुठे? सत्तर किलोच्या पुरुषाच्या अंगात सुमारे २८ किलो स्नायू असतात आणि विश्रांतीत ते सगळे मिळून साडेतीनशेच्या थोड्या वर कॅलरी घेतात. दोन किलोंपेक्षा कमी वजनाचं यकृत एकटंच जवळजवळ तेवढ्या घेतं. मेंदूही फार मागे नाही, मग मालक त्याचा वापर करो वा न करो. हृदय आणि मूत्रपिंडं तर वजनाच्या मानाने सर्वांत खादाड. किलोमागे त्यांचा खर्च स्नायूंच्या तीसपटींहून जास्त. पण यकृत काही आरशात फुगवून दाखवता येत नाही, म्हणून त्याचं कुणाला कौतुक नाही.

स्नायू खरा खर्च करतात ते हलल्यावर. आणि हलणं म्हणजे काही फक्त जिम नव्हे. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये जेम्स लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी १६ जणांना आठ आठवडे रोज हजार कॅलरी जास्तीच्या खाऊ घातल्या. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात कुणाची चरबी अर्धा किलोही वाढली नाही, तर कुणाची चार किलोंच्या वर गेली. फरक पडला तो मुख्यतः व्यायामाबाहेरच्या हालचालींमुळे: उठबस, येरझाऱ्या, चुळबुळ. जेवण झाल्यावरही स्वयंपाकघरात काही ना काही आवरत राहणारी आजी आठवून पाहा.

चाळिशीत मेटाबॉलिझम मंदावतो, ही सबबही हल्ली टिकत नाही. २९ देशांतल्या सहा हजारांवर लोकांची मोजणी करून हर्मन पाँट्झर आणि इतर संशोधकांनी २०२१ मध्ये दाखवलं, की शरीराचं आकारमान आणि चरबीविरहित वजन जमेस धरलं तर विशीपासून साठीपर्यंत हा खर्च जवळपास सपाट असतो. उतरण लागते ती साठीनंतर.

एवढं वाचून कुणी डंबेल खाली ठेवणार असेल, तर थांबा. स्नायूंची जाहिरात भलत्याच मुद्द्यावर चालली आहे, एवढंच माझं म्हणणं. खरा मुद्दा पुण्यातल्याच संशोधनात सापडतो. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोघांचा एक फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. उंची-वजनाचं गुणोत्तर, म्हणजे बीएमआय, दोघांचा सारखाच: २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२. वजनकाट्याच्या लेखी दोघंही सडपातळ! त्याआधी पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळं याज्ञिकांनी इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांशी ताडून पाहिली होती. आपली बाळं सरासरी २.७ किलोंची, तिकडची साडेतीन. आपल्या बाळांचे हात बारीक, पोटातले अवयव आणि स्नायू कमी, पण कातडीखालची चरबी बरीचशी शाबूत. दिसायला किडकिडीत, आतून चरबीदार. ही ठेवण आपण जन्मतःच घेऊन येतो आणि वर मधुमेह तरुणपणीच गाठतो.

इथे स्नायू कामाला येतात. जेवणानंतर रक्तात उतरलेल्या साखरेचा मोठा वाटा तेच उचलतात आणि साठवून ठेवतात. गोदामच लहान असेल तर माल बाहेर पडून राहणार. शिवाय काम करणारा स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न पाहता साखर आत ओढतो. म्हणून जेवणानंतरची शतपावली, खरं तर शंभरावर थांबू नये. तिशीनंतर दर दशकात स्नायू थोडे थोडे झिजतात आणि साठीनंतर वेगाने. मांडी घालून बसलेल्या माणसाला उठताना भिंत शोधावी लागते, तेव्हा ही झीज घरच्यांनाही दिसू लागते. वजन मात्र तेवढंच असू शकतं, कारण गेलेल्याची जागा चरबीने भरून काढलेली असते. उपास करकरून किंवा इंजेक्शनं घेऊन झटपट वजन उतरवणाऱ्यांचा काही ऐवज चरबीसोबत स्नायूंतूनही जातो. काटा खाली आला म्हणून पेढे वाटणाऱ्याला ते दिसत नाही.

शरीरातले सर्वांत मोठे स्नायू मांड्यांत आणि कुल्ल्यांत असतात. साखरेचं सांगायचं तर मुख्य काम तिथेच व्हायला हवं. पण कुठल्याही जिममध्ये संध्याकाळी डोकावून बघा: दंड आणि छाती फुगवायला आरशासमोर रांग, आणि पायांच्या मशीनवर टॉवेल वाळत घातलेले.